मासा का लागला नाही

रत्नागिरीत आंबा विकणारे पुष्कळ, मासे विकणारे त्याहून पुष्कळ. न लागलेला मासा विकणारे मात्र मोजकेच. त्यांना तात्या म्हणतात.

तात्या हे कुणा एका माणसाचं नाव नव्हे, ते पद आहे. कोकणातल्या प्रत्येक खाडीवर ते भरलेलं असतं, आणि मागचे तात्या गेल्यावर महिनाभरही रिकामं राहत नाही. जयगडला शास्त्रीच्या मुखाशी एक तात्या आहेत, साखरतरच्या बाजूला एक, जैतापूरला एक. आपल्याला काम आहे ते भाट्याच्या खाडीवरच्या तात्यांशी. शहराला ते सगळ्यांत जवळचे, त्यामुळे पुण्यामुंबईचे पाहुणे गणपतीपुळ्याला जाण्याआधी त्यांच्या तावडीत सापडतात.

तात्यांचा धंदा तसा साधा आहे. पाहुण्यांना होडीत घालून काजळी नदीच्या मुखात न्यायचं, हातात काठी द्यायची, तीन तास गरवायला लावायचं, आणि मासा का लागला नाही हे नीट समजावून त्यांना काठावर परत आणायचं. भाच्यानं छापून दिलेल्या कार्डावर याला ‘गाइडेड फिशिंग ट्रिप’ म्हटलेलं आहे. माणशी दर ठरलेला असतो, त्यात चहा धरलेला असतो, मासा धरलेला नसतो. तसं कार्डावर लिहिलेलं नाही, पण मासा मिळेल असंही लिहिलेलं नाही. तात्यांच्या मते कार्ड कायद्यानं चोख आहे.

हा धंदा कुणालाही जमणारा नाही. तात्यांचा पाया नोकरीत पक्का झालेला असतो. बहुतेक तात्या एखाद्या कचेरीतल्या चौकशीच्या खिडकीमागून निवृत्त झालेले सापडतील. जी गोष्ट झालेली नाही ती का झाली नाही, हे तीस-बत्तीस वर्षं रोज सांगितल्यावर माणसाच्या जिभेला जे वळण लागतं, ते खाडीत वाया का घालवायचं? ‘त्याचं असं आहे’ हे तीन शब्द खिडकीतून जसेच्या तसे होडीत आलेले आहेत.

त्यातून रत्नागिरीचा म्हातारा. पु. ल. देशपांड्यांनी अंतू बर्वा लिहून ठेवल्यापासून पाहुणे रत्नागिरीच्या कुठल्याही पांढऱ्या डोक्याकडे तोंडाला पाणी सुटल्यासारखे पाहत उभे राहतात. आता हा काहीतरी तिरकस बोलेल, मग आपण हसू. स्वभावानं तात्या सरळ आहेत. घरी काकूंसमोर तर फारच सरळ. पण गिऱ्हाईक मागतं म्हणून ते तासाला दोन-तीन तिरकस वाक्यं टाकतात. चहासारखीच तीही दरात धरलेली असतात.

पहाटे साडेपाचला तात्या पुलाखाली हजर असतात. कपाळाला गंध, डोक्यावर आंबा बागायतदारांच्या मेळाव्यात कुठल्याशा औषधाच्या कंपनीनं फुकट वाटलेली टोपी, हाफ पँट, पायांत प्लास्टिकची सँडल. हातात बाजाराची पिशवी. तिच्यात तंगुसाच्या गुंडाळ्या, शिसं, औषधाच्या डबीत ठेवलेल्या लहानमोठ्या गऱ्या, एक सुरी आणि श्रीखंडाचे दोन रिकामे डबे. एकात आमिषाची कोळंबी, दुसऱ्यात काकूंनी दिलेल्या खोबऱ्याच्या वड्या. झाकणं एकाच रंगाची आहेत. विचारल्याशिवाय डबा उघडू नये, एवढी एकच सुरक्षासूचना या सहलीत दिली जाते.

होडीत बसण्याआधी भरतीचं गणित होतं. तात्यांच्या मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं ॲप आहे, मिनिटांपर्यंत वेळ दाखवणारं, आणि रात्री अंथरुणात ते पाहिल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. पण पाहुण्यांसमोर मोबाइल काढणं म्हणजे भटजींनी चिठ्ठीत बघून मंत्र म्हणण्यापैकी. म्हणून तात्या आकाशाकडे पाहतात, बोटांची पेरं मोजतात आणि म्हणतात, “आज अष्टमी. तिथीची पाऊणपट करायची. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाला पूर्ण भरती.” हा हिशेब खरा आहे, किनाऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पाहुणे थक्क होतात. मग तात्या पुस्ती जोडतात, “अर्थात हे मुंबईचं गणित. भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते, तेव्हा आपल्याकडे ती थोडी आधी.” हेही खरंच. पण थोडी म्हणजे किती, हे ते सांगत नाहीत. तेवढी फट मोकळी राहिलेली बरी, पुढे उपयोगी पडते.

नंतर गाऱ्हाणं. होडीच्या नाळेवर नारळ ठेवून तात्या हात जोडतात आणि पाहुण्यांना बजावतात की मी थांबलो की सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. पाहुण्यांना हे फार आवडतं. कुणीतरी मोबाइलवर चित्रण सुरू करतं.

“बा देवा महाराजा, ही पुण्याची मंडळी आज तुझ्या दाराशी आली आहेत.”

“व्हय महाराजा!”

“वारा पडला असेल तर उठव, उठला असेल तर पाड. पाणी गढूळ असेल तर निवळ, फार निवळ असेल तर जरा ढवळ.”

“व्हय महाराजा!”

“तुझ्या पोटातलं एखादं नादान लेकरू यांच्या गरीकडे धाड.”

“व्हय महाराजा!”

“आणि नाहीच धाडलंस, तर त्याचा बोल होडीला, गरीला, कोळंबीला नि माझ्या माथी येऊ देऊ नकोस. या मंडळींनी काल रात्री जे काही खाल्लं-प्यायलं असेल, त्याच्यावर जाऊ दे!”

“व्हय महाराजा!” हे सगळ्यांत मोठ्यानं, हसत हसत. माल बघण्याआधीच गिऱ्हाइकाची पावतीवर सही झालेली असते, आणि तीही चित्रणासकट.

होडी तात्यांची नसते. ती राजिवड्याच्या एका चाचांची असते. चाचांचा जन्म या खाडीवर गेलेला. बाप पाग टाकायचा, आजा पाग टाकायचा. चाचा बोलत नाहीत. ते होडी चालवतात, नांगर टाकतात आणि मागच्या टोकाला पाठ करून बसतात. त्यांच्याजवळ पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस असतं. बोटांतून ते सोडायचं, बोटावरच मासा कळतो. पाहुण्यांच्या जपानी रिळांच्या करकरीत चाचांकडे कुणाचं लक्ष नसतं. फक्त मधूनमधून मागच्या बाजूला फटफट असा आवाज होतो. ते काय, असं पाहुण्यांनी विचारलंच तर तात्या म्हणतात, “काही नाही, चाचांना लागला. तो वेगळा प्रकार.”

आता पाहुणे. त्यातला मोठा वर्ग पुण्याच्या तरुणांचा. संगणकातली नोकरी, आणि काठ्या, रिळं, लाकडी-प्लास्टिकचे खोटे मासे असा पन्नासेक हजारांचा सरंजाम. यांना माशांची इंग्रजी नावं ठाऊक असतात, लॅटिन ठाऊक असतात. बाजारात समोर ठेवलेला बोय ओळखता येत नाही. खोटा मासा पाण्यात कसा लचकत जातो हे ते तात्यांना दाखवतात. तात्या तो हातात घेऊन उलटासुलटा करतात, किंमत विचारतात, आणि ऐकल्यावर अलगद परत देतात. “एवढ्यात आमच्याकडे खरा येतो. खवल्यासकट.”

एकदा मूळचे लांज्याकडचे, आता मिनेसोटात स्थायिक झालेले एक गृहस्थ आले होते. तिकडे वॉलआय नावाचा मासा धरायला मार्गदर्शक घेऊन मोठ्या नद्यांवर जातात. हा त्या राज्याचा अधिकृत राज्यमासा, 1965 पासून. तळाचा मासा दाखवणारं यंत्र होडीवर, परवाना खिशात, रोज किती धरायचे त्याची मर्यादा, लांबी मोजायची पट्टी. गृहस्थ तासभर सांगत होते. तात्यांनी मध्येच विचारलं, “आणि यंत्रात दिसलेला मासा लागला नाही तर तुमचा तिकडचा तात्या काय सांगतो?” गृहस्थ आठवू लागले. म्हणाले, सांगतो की, पाण्याचं तापमान, वाऱ्याची दिशा, काल येऊन गेलेलं ढगाळ हवामान. तात्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते बघण्यासारखं होतं. हजारो मैलांवर आपली शाखा आहे हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

राज्यमाशाच्या बाबतीत मात्र ते मागे हटले नाहीत. “आमचाही आहे. पापलेट. 2023 मध्ये जाहीर झाला. तुम्ही 65 सालीच केलात, कारण तुमच्याकडे एकच मासा. आम्हाला निवड करायला वेळ लागला.” मग गृहस्थांनी वॉलआयच्या डोळ्याचं कौतुक काढलं. त्याच्या बुबुळामागे एक चकाकणारा पडदा असतो, त्यामुळे अंधाऱ्या पाण्यात त्याला दिसतं आणि उजेड पडला की डोळा आरशासारखा पेटतो. “मग आमच्या जिताड्याचा काय विझलेला असतो?” तात्या म्हणाले. “रात्री बॅटरी मारा, लालभडक दिसतो.” हे अगदी खरं आहे. शेवटी धरलेला मासा चुंबन घेऊन परत पाण्यात सोडतात, असं जेव्हा त्या गृहस्थांनी सांगितलं, तेव्हा चाचांनीसुद्धा मान वळवली. “धरून सोडून द्यायला आम्ही काय पोलीस आहोत?” तात्यांनी विचारलं.

जिताडा हा तात्यांचा हुकमी विषय. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली मुलं अधूनमधून खाडीवर येतात, त्यांच्याकडून तात्यांनी बरंच उचललेलं आहे आणि त्यावर स्वतःची फोडणी दिलेली आहे. जिताडा गोड्या पाण्यात वाढतो आणि विणीला खाडीच्या मुखाशी खाऱ्यात उतरतो; जन्मतो तो नर, आणि काही वर्षं काढून मोठा झाला की मादी होतो. अंगानं थोराड जिताडा म्हणजे बहुधा मादीच. हे शास्त्र आहे. तात्यांचं शास्त्र याच्या पुढे सुरू होतं: “म्हणजे बघा, लहान असतो तेव्हा पुरुषासारखा बावळट, समोर दिसेल ते तोंडात घालतो, म्हणून गरीला लागतो तो किलो-दीड किलोचा. मोठा झाला की बाईमाणसाची अक्कल येते. मग कसला लागतोय! तुम्ही मागता दहा किलोचा.” होडीतल्या बायका टाळ्या वाजवतात. पुरुष हसतात आणि गरीकडे बघतात. ट्रिपचा पाऊण तास सुखात निघून जातो.

तांबोशीविषयीही असंच. तांबोशी खडकाच्या कपारीत, पुलाच्या खांबाच्या आडोशाला राहते. आमिष घेतलं की थेट घरात शिरते आणि दगडाच्या धारेवर तंगूस कापते. “रत्नागिरीकर आहे हो ती. एकदा जागेत शिरली की कोर्टाच्या हुकमानंही बाहेर येत नाही.”

पण ही झाली तोंडी लावणी. तात्यांचं खरं पक्वान्न म्हणजे कारणं, आणि ती ते ज्या कसबानं वाढतात तिथेच त्यांची थोरवी आहे. नवशिक्या तात्या सगळ्या पाहुण्यांना एकच कारण देतो. पाण्याला ओढ नाही म्हणतो आणि गप्प बसतो. मुरलेले तात्या आधी पाहुण्याचं शिक्षण विचारतात. पाहुणा जितका शिकलेला, कारण तितकं लांबून आणायचं. किराणा दुकानदार असेल तर कारण होडीतल्या होडीत: तुम्ही अंगाला उन्हाचं मलम लावलंत, त्याच हातानं कोळंबी लावलीत, वास गेला. शाळामास्तर असतील तर तिथी: अष्टमीला भांगाचं पाणी, ओढ नाही, मासा सुस्त. पौर्णिमेला आलात तर उधाण, ओढ इतकी की शिसं तळाला ठरत नाही. (पौर्णिमा आणि अष्टमी यांच्यामधले दिवस चांगले का, असं एका मास्तरांनी विचारलं होतं. “चांगले. त्या दिवशी शाळा असते,” असं उत्तर मिळालं.) इंजिनिअर असेल तर थेट साखरप्यापर्यंत जायचं. वर पाऊस झाला, आंजणारीवरून, चांदेराईवरून गोडं पाणी खाली आलं, खारं मागे हटलं, त्याबरोबर मासाही हटला. त्यातून खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला. ओहोटीला राजिवड्याच्या होड्या तिथं टेकतात, मग माशानं आत यायचं कुठून? इंजिनिअर लगेच गाळ कसा काढावा हे सांगू लागतो आणि मासा विसरतो.

वकील आला तर कायदा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी, पर्ससीनला परवानगी सप्टेंबर ते डिसेंबर, एलईडी दिव्यांवर मासे गोळा करण्याला 2017 पासून मनाई. आणि या मनाईनंतरही रात्री समुद्रावर उजेड कुठून दिसतो, असा एक मोघम प्रश्न. वकिलाचा चेहरा खुलतो. या कारणात मस्करी कमी आणि दुखणं जास्त आहे. ते सांगताना तात्या टोपी काढून मांडीवर ठेवतात, आणि चाचा, जे एरवी कशालाच होकार देत नाहीत, पाठमोरे असले तरी मान हलवतात. बांगडा-तारलीचे थवेच्या थवे बाहेर उचलले गेले की त्यांच्या मागे किनाऱ्याकडे येणारा मोठा मासा येणार कशाला? बाकीची कारणं खोटी ठरली तरी हे उरतं. तात्यांना ते ठाऊक आहे, म्हणूनच ते फार वेळ त्यावर थांबत नाहीत. टोपी डोक्यावर जाते आणि विषय थिबा राजाकडे वळतो.

थिबा हे राखीव कारण. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याचा राजवाडा टेकडीवर आहे आणि जवळच्या थिबा पॉइंटवरून ही खाडी सगळी दिसते. इथपर्यंत इतिहास. पुढचं तात्यांचं: राजानं म्हणे तीस वर्षं या खाडीत गरी टाकली, एक तांबोशी लागली नाही. “राजाला लागली नाही, तिथं तुम्ही-आम्ही कोण?” इतिहासात याला कसलाही आधार नाही. पण तीन तासांच्या उन्हानंतर पाहुण्याला तो लागतो.

एवढं करूनही तात्यांच्या मनात एक सल आहे. चिपळूणच्या तात्यांना मगर आहे. वाशिष्ठीच्या खाडीत गोवळकोटहून होडी सोडली की चिखलात आडव्या पडलेल्या मगरी दिसतात. मासा लागला नाही तर विचारतो कोण? दापोलीच्या तात्यांना डॉल्फिन आहेत. भाट्याच्या खाडीत दाखवायला काय, तर पूल आणि पलीकडे नारळ संशोधन केंद्राची झाडं. “त्यांचं काय जातं,” तात्या म्हणतात. “मगरीवर धंदा चालतो त्यांचा. इथं नुसत्या बोलण्यावर चालवून दाखवा म्हणावं.”

आणि मग मे महिन्यात, आगोटीच्या तोंडावर, ती गोष्ट घडली. ठाण्याचं एक कुटुंब होतं. बाप बँकेत, त्यामुळे कारण मध्यम लांबीचं ठरलेलं. त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी कंटाळून मागच्या टोकाला चाचांकडे गेली. चाचांनी न बोलता बाटली तिच्या हातात दिली. तात्या पुढे बँकवाल्यांना सांगत होते की आज वारा मतलई आहे, जमिनीकडून सुटलेला, अशा वाऱ्याला मासा लागणं शक्यच नाही. ‘शक्यच नाही’ हे शब्द तोंडात असतानाच मागून किंचाळी आली. दीड-दोन किलोची तांबोशी. लालतांबूस, जिवंत, होडीत नाचणारी.

सगळे नाचले. तात्या बसून राहिले. त्यांनी ‘त्याचं असं आहे’ म्हणून सुरुवात केली आणि पुढे काहीच आलं नाही. मासा न लागण्याची सगळी कारणं तोंडपाठ. लागण्याचं एकही तयार नव्हतं. बँकवाले विचारत होते, काका, वारा मतलई असताना हा कसा काय? मुलगी विचारत होती, आजोबा, अजून एक लागेल का? तात्यांनी डबा उघडला. वड्यांचा समजून उघडलेला तो कोळंबीचा निघाला. होडी परत फिरवून पुलाच्या सावलीत येईपर्यंत तात्या एक शब्द बोलले नाहीत. मग त्यांनी तांबोशीला शेपटीकडून नीट न्याहाळलं, चाचांकडे पाहिलं आणि सुटका झाल्यासारखे म्हणाले,

“त्याचं असं आहे. हा आपल्याकडचा नव्हे. जयगडकडचा असणार. आपल्या खाडीतला मासा असा लागत नाही.”

चाचांनी ती तांबोशी मुलीला दिली. पैसे घेतले नाहीत. तात्यांनी मात्र त्या दिवशी दरात सूटही दिली नाही आणि वाढही मागितली नाही. असा प्रसंग दरपत्रकात धरलेला नव्हता.

एरवीच्या दिवशी ट्रिप संपते मिरकरवाड्याला. रिकाम्या हातानं हॉटेलवर जाणं पाहुण्यांना बरं वाटत नाही, मुख्य म्हणजे फोटो हवा असतो. बंदरावर एका मावशींशी तात्यांचा तोंडी करार आहे: मासा उचलून फोटो काढला तर पन्नास रुपये, मासा विकत घेतला तर फोटो फुकट. मिनेसोटाचे गृहस्थ असेच गेले होते. टोपल्यांवरून नजर फिरवून त्यांनी हातभर लांबीची सुरमई उचलली, काठी काखेत धरली आणि छाती काढून उभे राहिले. तात्या पुढे झाले आणि त्यांनी सुरमई काढून घेतली.

“ही नको.”

“का? मोठी आहे.”

“मोठी आहे, पण समुद्रातली आहे. खाडीत सुरमई कुठून येणार? तुमच्या तिकडच्या लोकांना कळायचं नाही, पण लांज्याच्या भावकीत फोटो जाईल ना! खोटं बोलायचं तर साहेब, निदान खाडीतलं बोला.”

मावशींनी सुरमईवर पाणी मारलं. “खाडीतली शेंगटी आहे,” त्या म्हणाल्या. “फोटोला पाहिजे की कालवणाला?”